यकृत प्रत्यारोपणाची वेळ : मेल्ड गुणांक आणि त्याच्या मर्यादा

दीर्घकालीन यकृतविकार असलेल्या प्रत्येक रुग्णास प्रत्यारोपणाची गरज नसते. सिरॉसिस झालेले यकृतदेखील अनेकदा कित्येक वर्षे आपले कार्य करीत राहते. मात्र जलोदर होणे, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होणे किंवा गुंगी व भ्रम येणे यांपैकी एखादे लक्षण दिसू लागले, की रुग्णास प्रत्यारोपण केंद्राकडे पाठविणे इष्ट ठरते. पाठविणे म्हणजे लगेच शस्त्रक्रिया नव्हे. शस्त्रक्रियेतही मृत्यूचा धोका असतो आणि त्यानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. म्हणून थांबण्यातील धोका शस्त्रक्रियेतील धोक्याहून केव्हा मोठा होतो, हा येथे खरा प्रश्न आहे.

या निर्णयात मेल्ड गुणांकाचे साहाय्य घेतले जाते. बिलिरुबिन, क्रिएटिनिन व रक्त गोठण्याशी संबंधित आयएनआर या तीन मोजमापांवरून तो मूळ स्वरूपात काढला जाई. ६ ते ४० या मर्यादेतील हा आकडा पुढील तीन महिन्यांतील मृत्यूची शक्यता सुचवितो. अमेरिकेत २००२ पासून मरणोत्तर यकृतांच्या वाटपासाठी तो स्वीकारण्यात आला. गुणांक साधारणतः १५ पेक्षा कमी असल्यास शस्त्रक्रियेने लाभापेक्षा हानीच अधिक संभवते, असे मानले जाते. यकृताचा कर्करोग हा यास ठळक अपवाद होय. तेथे गुणांक अल्प असूनही विलंब घातक ठरतो.

परंतु आकडा म्हटला की तो निःपक्षपातीच असणार, हा समज तपासून पाहिला पाहिजे. क्रिएटिनिन स्नायूंतून निर्माण होते. स्त्रियांचे स्नायू तुलनेने कमी असल्याने मूत्रपिंडे तितकीच निकामी झाली तरी त्यांचे क्रिएटिनिन कमी भरते, आणि गुणांकही कमी येतो. परिणामी समान आजार असूनही स्त्रिया यादीत मागे राहत. अमेरिकेत २०२३ मध्ये लागू झालेल्या 'मेल्ड ३.०' या सूत्रात स्त्रियांसाठी १.३३ गुण वाढविण्यात आले. ही दुरुस्ती होण्यास एकवीस वर्षे लागली.

भारतात बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या यकृताचा भाग घेऊन होतात. त्यामुळे यादीतील क्रमापेक्षा कुटुंबातील निर्णय महत्त्वाचा ठरतो. येथे तराजूत तिसरे वजन पडते, ते निरोगी दात्यास असलेल्या धोक्याचे. आपल्याकडे जिवंत अवयवदात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याची स्वेच्छा आवश्यक आहे. पत्नी वा आई यांना नकार देण्याची मोकळीक कितपत असते, हे मात्र कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. दात्याशी रुग्ण व नातेवाईक यांच्या अनुपस्थितीत बोलणे हा म्हणूनच वेळ ठरविण्याच्या प्रक्रियेचा भाग मानला पाहिजे, आणि तेही गुणांक चढून घाई सुरू होण्यापूर्वी.