विकत घेतलेली वस्तू आणि विकत घेतलेली परवानगी

सध्या अनेक घरांतून संध्याकाळी दोन वाद ऐकू येतात. मुलगा म्हणतो, "पैसे मोजून घेतलेला व्हिडिओ गेम माझा आहे." वडील विचारतात, "पण त्या खेळात आहे तरी काय?" त्यावर मुलगा उलट विचारतो, "मग तुमच्या रोजच्या मालिकेत तरी काय आहे?" पहिला वाद मालकीचा, दुसरा गुणवत्तेचा. वरवर पाहता त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु आम्हांस असे वाटते की, पहिल्याचा उलगडा झाल्यावाचून दुसऱ्याचा निकाल लागावयाचा नाही.

प्रथम मालकी म्हणजे काय ते पाहू. आपण पुस्तक विकत घेतो तेव्हा त्यातील मजकुराचे मालक होत नाही. तो हक्क लेखकाचा वा प्रकाशकाचा. आपण मालक होतो ते हातातल्या प्रतीचे. ती प्रत आपण मित्रास द्यावी, रद्दीच्या दुकानात विकावी, नातवासाठी ठेवावी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही पुस्तकाच्या प्रती लोकांपुढे आणण्याचा हक्क लेखकास देताना, आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. १८५० साली स्थापन झालेले आपले करवीर नगर वाचन मंदिर इतकी वर्षे पुस्तके घरोघर पोहोचवू शकले ते याच प्रतीच्या मालकीच्या बळावर.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. युबिसॉफ्ट या कंपनीने २०१४ साली 'द क्रू' नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विक्रीस आणला. एकट्याने खेळावयाचे झाले तरी त्यास कंपनीच्या दूरच्या संगणकाशी, म्हणजे सर्व्हरशी, जोडलेले राहावे लागे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि मार्च २०२४ च्या अखेरीस सर्व्हर बंद झाले. ज्यांच्या कपाटात तबकडी होती, तिचा खेळ म्हणून उपयोग संपला. गिऱ्हाइकाने वस्तू घेतली असे समजून पैसे दिले होते. हाती आली होती ती केवळ परवानगी.

यातून युरोपात जी चळवळ उभी राहिली, तिच्या मागणीपत्रावरील सह्या जुलै २०२५ मध्ये १० लाखांच्या पुढे गेल्या. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला आहे. विक्रेता जर डिजिटल मालाची केवळ परवानगी देत असेल, तर 'विकत घ्या' म्हणताना त्याने ते स्पष्ट सांगितले पाहिजे.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो. खेळात वापरलेल्या गाण्यांची वा मोटारींची परवानगी मुदतीची असू शकते. कोणासही कायमचा तोटा सोसण्यास सांगणे न्याय्य नाही. पण दुकान बंद करताना विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरून उचलून न्यावा, असे कोणता व्यापारी म्हणेल? जाताना खेळ आपल्या आपण चालेल अशी सोय करून जावे, एवढीच रास्त अपेक्षा आहे.

आता कोणी म्हणेल, एक खेळ गेला तर काय बिघडले? याचे उत्तर कोल्हापूरकरांनी दूर शोधावयास नको. बाबूराव पेंटरांनी याच नगरीत 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ साली पडद्यावर आणला. त्याची थोरवी आपण ऐकतो. तो मूकपट मात्र आज पाहावयास मिळत नाही. उलट, १९२९ साली येथेच स्थापन झालेल्या प्रभात कंपनीचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' आजही पाहता येतो. म्हणून त्याच्याविषयी आपण वाद घालू शकतो. पहिल्याविषयी केवळ आदर बाळगू शकतो.

येथे मालिकांचा प्रश्न येतो. मालिका म्हणजे पाणी घातलेले नाटक, असे म्हणण्याची रीत आहे. ती पूर्ण खरी नव्हे. नाटकास तीन तास मिळतात, मालिकेस महिने मिळतात; माणूस हळूहळू कसा बदलतो हे दाखविण्याची संधी तिला अधिक. तीच संधी भाग वाढविण्याच्या हव्यासापायी वाया जाते, हा तिचा दोष. २०१६ साली सुरू झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेने कोल्हापूरची तालीम आणि बोली महाराष्ट्रभर नेली. ती बोली अस्सल होती की बेतलेली, यावर मतभेद होतील, आणि व्हावेतही. परंतु तो निवाडा आठवणीवर करावयाचा की पुन्हा पाहून? पुन्हा पाहावयाचे तर आपल्या हाती प्रत नाही. वाहिनीने ठेवले तोवर आहे. इंग्लंडात बीबीसीने स्वतःच्याच फिती पुसल्या, आणि 'डॉक्टर हू' या मालिकेचे १९६० च्या दशकातील नव्वदांहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. काही परत मिळाले ते परदेशातील वाहिन्यांकडे वा खाजगी संग्राहकांकडे प्रती राहिल्या म्हणून.

तात्पर्य, कलाकृती मालकाच्या एका कुलपात नव्हे, तर अनेकांच्या हाती राहिल्याने टिकते. आणि टिकली तरच तिची पारख होते. म्हणून मुलाचा हट्ट आम्हांस पोरकट वाटत नाही. त्याचा खेळ चांगला की वाईट, हे पुढची पिढी ठरवील. तिला ठरविता यावे, एवढी व्यवस्था मात्र आपणच केली पाहिजे.