छऱ्यांना वंगण : किती आणि कशासाठी

जत्रेत फुगे फोडण्याच्या दुकानासमोर तुम्ही कधी तरी उभे राहिलाच असाल. दुकानदार बंदूक मधोमध मोडतो, नळीच्या बुडाशी एक छर्रा बसवतो आणि बंदूक पुन्हा सरळ करून तुमच्या हातात देतो. एरवी चाप ओढला की 'फट्' असा लहानसा आवाज होतो. पण कधी कधी 'काड्'दिशी मोठा बार होतो आणि नळीतून निळसर धुराची रेघ निघते. भोवतालच्या पोरांना वाटते, वा, काय जोर आहे बंदुकीत! पण या बंदुकीत दारू तर नसतेच. मग धूर आला कुठून? तो तेलाचा असतो.

आजचा विषय हे तेलच आहे. हल्ली ठाण्या-पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत पुष्कळ मुलेमुली नेमबाजी शिकतात आणि छऱ्यांना तेल लावावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यात हटकून निघतो. कोणी म्हणतो, तेलाने नेम सुधारतो. कोणी म्हणतो, नळी स्वच्छ राहते. दोन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण ते थोडे म्हणजे किती, हे कळले नाही तर चांगली रायफल हकनाक बिघडते.

एक छर्रा तळहातावर घेऊन पाहा. आकार थेट डमरूचा. पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ आणि पोकळ घेर. स्पर्धेतला ४.५ मिलिमीटरचा छर्रा वजनाने जेमतेम अर्धा ग्रॅम भरतो. तो शिशाचा असतो, आणि शिसे किती मऊ ते नखाने ओरखडा काढून पाहिले की समजते. नळीच्या आतून मळसूत्री चर कापलेले असतात. मागून हवेचा दाब आला की पातळ घेर फुगून नळीला घट्ट बसतो, हवा निसटू देत नाही, आणि चरांत रुतलेला छर्रा भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो. म्हणजे शिशाने पोलादावर घासत जावे, अशी ही रचनाच आहे. घासता घासता शिशाचे बारीक कण चरांच्या कडांना चिकटून राहतात. पुढच्या छऱ्याला ते लागतात, तो आणखी खरवडतो, आणखी कण मागे ठेवतो. शंभरावा छर्रा ज्या नळीतून जातो, ती पहिल्या छऱ्याची नळी राहिलेली नसते.

वंगणाचे काम इथे आहे. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो ते चाक हलके फिरावे म्हणून. छऱ्याने हलके जावे, एवढ्याने आपले भागत नाही. त्याने दर वेळी सारखेच जावे, हे महत्त्वाचे. तेलाने वाईट छर्रा चांगला होत नाही. चेपलेल्या घेराचा छर्रा तेलात बुडवला तरी वाकडाच जाणार.

आता हे घासणे किती, ते वेगावर अवलंबून असते. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या दहा मीटर एअर रायफलच्या छऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १७० मीटर असतो. आवाजाच्या वेगाच्या हा निम्माच झाला. एवढ्या वेगाला शिसे फारसे चिकटत नाही, आणि बहुतेक स्पर्धक डबीतले छर्रे आहेत तसेच वापरतात. तेव्हा या प्रकारात तेलाच्या नादी लागू नका, असे मी सरळच सांगतो. साठवलेल्या हवेवर चालणाऱ्या जोरदार रायफलींचे मात्र निराळे. त्यांच्या टाकीत वातावरणाच्या दोनशे पट दाबाची हवा असते, ती कोरडी असते, आणि छर्रा सेकंदाला अडीचशे-तीनशे मीटर वेगाने सुटतो. तिथे नळीला वंगणाचा अंशही मिळत नाही. अशा रायफलीत छऱ्यांवर तेलाचा हलका हात फिरवला तर नळी पुष्कळ दिवस साफ राहते. तेल फक्त छऱ्याला. टाकीत हवा भरतात त्या तोंडाशी तेलाचा थेंबही लागता कामा नये. एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकते, आणि तो अपघात साधा नसतो.

राहिली स्प्रिंगची बंदूक. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते ना? हवा दाबली की तापते. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या क्षणार्धात पुढे येतो, आणि हवा इतकी तापते की तिथे खनिज तेल असले तर ते डिझेल एंजिनातल्यासारखे पेटते. जत्रेतला धूर तो हाच. मी हा उद्योग स्वतः केलेला आहे. शाळेत असताना काकांच्या बंदुकीत शिवणयंत्राचे तेल मी रोज दोन थेंब सोडत असे, आणि आवाज वाढला म्हणून मिरवत असे. एक छर्रा वर, दुसरा खाली. मी आपला नेमाला दोष देत बसलो. दोनएक महिन्यांनी स्प्रिंग तुटली आणि दट्ट्याचा वायसर जळून काळा निघाला. काका रागावले नाहीत, पण बंदूक माळ्यावर गेली ती गेलीच. दट्ट्याचा वायसर चामड्याचा असेल तर तो मऊ राहण्यापुरते तेल अधूनमधून लागते. तो कृत्रिम असेल तर शिवणयंत्राचे तेल नकोच. या बंदुका स्वतःचेच थोडे वंगण नळीत फेकतात. छऱ्यांना वेगळे लावायची गरज सहसा पडत नाही.

ज्यांना लावायचे आहे त्यांनी असे करावे. छर्रे साबणाच्या कोमट पाण्यात हलकेच खळबळून गाळणीत काढावेत, म्हणजे कारखान्यातली शिशाची भुकटी निघून जाते. ती गाळणी मात्र पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. फडक्यावर पूर्ण वाळू द्यावेत. मग एका सपाट डबीच्या तळाला स्पंजचा तुकडा बसवून त्यावर बंदुकीच्या पातळ तेलाचे थोडे थेंब मुरवावेत, वर छऱ्यांचा एकच थर पसरावा आणि डबी हळू हलवावी. छर्रा बोटात धरला असता ओला लागला, तर तेल जास्त झाले. जास्तीचे तेल नळीत साचते, त्यावर धूळ बसते, आणि वेग दर वेळी बदलू लागतो.

फायदा झाला की नाही, ते मात्र कागदाला विचारा. नळी साफ करा. कोरड्या छऱ्यांचे वीसएक बार असेच काढा, कारण साफ केलेली नळी जरा वेळ लहरी वागते. मग रायफल उशीवर टेकवून एकाच ठिपक्यावर दहा मारा. पुन्हा नळी साफ करून हेच सगळे तेल लावलेल्या छऱ्यांनी करा. दोन्ही कागदांवर सर्वांत लांबच्या दोन भोकांमधले अंतर मोजा. त्याच दिवशी, त्याच डबीतले छर्रे, तोच माणूस. फरक दिसला नाही तर तेलाची बाटली फडताळात ठेवून द्या.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना तेलाचा एक उपयोग वेगळाच आहे. पावसाळ्यात उघड्या डबीतल्या छऱ्यांवर पांढरी पूड चढते. रंगारी ज्याला सफेता म्हणतात, त्याच जातीची ही पूड. पूर्वी शिशाच्या पट्ट्या शिरक्याच्या वाफेत ठेवून सफेता मुद्दाम बनवीत. नव्या लाकडातूनही तशीच आंबट वाफ निघते, म्हणून छर्रे लाकडी पेटीत ठेवू नयेत. तेलाचा पातळ थर आणि घट्ट झाकणाचा डबा असला की पूड धरत नाही. पण एकदा धरली, तर ते छर्रे पुसून वापरण्याचा मोह नको. पूड विषारी असते आणि पुसताना उडते. छर्रे दातांत धरून ठेवण्याची काही मुलांना खोड असते, ती आजच मोडा. सराव संपला की आधी साबणाने हात धुवायचे, मग डबा उघडायचा.