चार गळे, दोन स्टाफ आणि एक हट्टी कोमल नी

वाद्य एकही नाही, गाणारे चौघंच. अमेरिकेतल्या ‘बार्बरशॉप’ गायकीचा पसारा एवढाच. पण तिची अरेंजमेंट संगणकावर लिहायला घ्या, मग बघा गंमत!

चाल मधल्याकडे
मूळ चाल सगळ्यांत वरच्या आवाजाकडे असेल असं वाटतं ना? इथे ती वरून दुसऱ्या, म्हणजे ‘लीड’कडे असते. टेनर तिच्या वरून गातो, बास तळ सांभाळतो आणि बॅरिटोनच्या वाट्याला येतात उरलेसुरले स्वर. त्यामुळे त्याची ओळ कधी लीडच्या खाली, तर कधी थेट वर.

दांड्यांचं राजकारण
चार आवाज, पण स्टाफ (स्वर लिहायचे पाच रेघांचे पट्टे) दोनच. टेनर आणि बॅरिटोनच्या स्वरांच्या दांड्या वर, लीड आणि बासच्या खाली. म्युझस्कोर या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये पहिला ‘व्हॉइस’ निळा आणि दुसरा हिरवा दिसतो. लीड लिहिताना व्हॉइस बदलायला विसरलात, की टेनर पुसला गेलाच म्हणून समजा!

आठचा आकडा
पुरुष चौकडीच्या वरच्या स्टाफवर ट्रेबल क्लेफ या चिन्हाच्या पायाशी चिमुकला ८ असतो. अर्थ सोपा: लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली गा. साधा क्लेफ टाकला, तर प्लेबॅकमध्ये टेनर आणि लीड सप्तकभर वर चढतात आणि खालच्या दोघांशी त्यांची पार फारकत होते.

संगणक सुरात, तरी बेसूर
या गायकीचा जीव म्हणजे सा-ग-प-कोमल नी ही कॉर्ड, स्वरांचं प्रमाण ४:५:६:७. सॉफ्टवेअर मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडतं. मुरलेली चौकडी गंधार त्याहून सुमारे १४ सेंट उतरवते आणि कोमल नी तब्बल ३१ सेंट! (लगतच्या दोन स्वरांतलं अंतर १०० सेंट.) मग कॉर्ड अशी झणझणते की चौघांपैकी कुणीच न गायलेला वरचा स्वर ऐकू येतो. न छेडताही तानपुऱ्यातून गंधार उमटतो, तसाच. म्युझस्कोरमध्ये एकेक स्वर सेंटांनी वरखाली करता येतो; हौस असेल तर बसा करत.

नाव की अक्षरांची खिचडी?
१९३८ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात २६ जण गायला जमले आणि संघटना उभी राहिली: एस-पी-ई-बी-एस-क्यू-एस-ए! राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात आद्याक्षरी नावांच्या सरकारी खात्यांचं पीक आलं होतं, त्याची ही टिंगल. आता ती ‘बार्बरशॉप हार्मनी सोसायटी’ झाली आहे.

मुळं कुणाची, दार कुणाला
ही गायकी घडवण्यात कृष्णवर्णीय अमेरिकनांचा वाटा मोठा. जॅझचा दिग्गज लुई आर्मस्ट्राँगही पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर चौकडीत गायचा. संघटनेचं दार मात्र कृष्णवर्णीयांसाठी उघडलं १९६३ मध्ये.

सॉफ्टवेअरचं घराणं
परत संगणकाकडे. ‘फिनाले’ हे नोटेशन सॉफ्टवेअर १९८८ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये कंपनीनं त्याचा विकास थांबवला. ‘सिबेलियस’ दोन जुळ्या भावांनी बनवलं. त्याच्या लंडनच्या चमूतल्या मंडळींनी पुढे ‘डोरिको’ उभं केलं. म्युझस्कोर? चक्क फुकट!

एका कानात मी, दुसऱ्यात तिघं
नोटेशन वाचता येत नाही? चिंता नको. शिकण्यासाठी खास ट्रॅक बनतात: तुमची ओळ एका कानात, बाकी तिघं दुसऱ्या कानात. ओळ बसली की आपला कान बंद करायचा आणि तिघांच्या जोडीनं गायचं. पाठांतर पक्कंच हवं. कारण एवढ्या मेहनतीनं छापलेला कागद स्पर्धेच्या मंचावर कुणी नेत नाही!