घरचा लिनक्स, भाग ९ : हा आकडा कशाचा?

संगणक अचानक रखडायला लागला की आपण आधी व्हायरसवर खापर फोडतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कारण बरेचदा साधं असतं, प्रोसेसर तापलेला असतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि तरीही तापत राहिला तर यंत्र थेट बंद पडतं. यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. म्हणून पॅकेज कसं बसवायचं हे गेल्या आठवड्यात पाहिलं, त्याचा पहिला उपयोग इथेच करू.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘एलएम-सेन्सर्स’ हे तापमान दाखवणारं पॅकेज घ्या. मग टर्मिनलमध्ये सुडो लावून ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ चालवा. तो एकामागून एक प्रश्न विचारतो आणि त्याला योग्य वाटणारं उत्तर मोठ्या अक्षरांत दाखवतो. नुसतं एंटर दाबलं की तेच उत्तर धरलं जातं. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तेच धरू द्या. मदरबोर्डवरच्या चिपांची अशी चाचपणी दर वेळी निर्धोक नसते. काही जुन्या आयबीएम थिंकपॅडमध्ये त्यामुळे एका स्मृती-चिपमधली माहिती बिघडली आणि ते लॅपटॉप सुरूच होईनात. शेवटच्या प्रश्नाला मात्र पूर्ण ‘येस’ टाइप करा, म्हणजे सापडलेल्या ड्रायव्हरची नावं फाइलमध्ये लिहिली जातील आणि पुढच्या वेळी ते आपोआप सुरू होतील.

आता ‘सेन्सर्स’ ही कमांड द्या. आकडे येतील, पण लगेच विश्वास ठेवू नका.

‘कोअरटेम्प’ खालचे आकडे इंटेलच्या प्रोसेसरच्या आतले, गाभ्यागणिक वेगळे. तिथला सेन्सर मुळात कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत एवढंच मोजतो, त्यामुळे मर्यादेजवळ तो भरवशाचा असतो आणि यंत्र निवांत असताना काही अंश इकडेतिकडे होतात. एएमडीवर ‘के१०टेम्प’ दिसेल. त्यातला ‘टीसीटीएल’ हा आकडा पंख्याचा वेग ठरवण्यासाठी असतो. रायझेन १८००एक्सवर तो खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त असे! ते ठाऊक नसलेला माणूस चांगला कूलर उगाच बदलायचा.

सगळ्यात फसवी यादी मदरबोर्डवरच्या नुव्होटॉन किंवा आयटीई चिपची. पंख्यांचे फेरे आणि व्होल्टेज तिथूनच कळतात, म्हणून ती हवी. पण या चिपला तापमानासाठी अनेक जोडण्या असतात आणि बोर्ड बनवणारा त्या सगळ्या वापरतोच असं नाही. मोकळ्या जोडणीवर १२७ अंश किंवा शून्याखालचं काहीतरी दिसतं. घाबरू नका. तो आकडा कशाचाच नाही.

मग खरा कोणता? यंत्राला कामाला लावा आणि बघा. ‘वॉच सेन्सर्स’ चालू ठेवून दुसरीकडे एखादा मोठा व्हिडिओ रूपांतरित करायला द्या. प्रोसेसरचा आकडा काही क्षणांत उसळी घेईल, काम थांबताच तितक्याच झपाट्याने उतरेल. मदरबोर्डचा सावकाश चढेल. जो हलतच नाही, तो बहुतेक निकामी. सेन्सर्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याच्यापुढे ‘इग्नोर’ लिहून टाका. बायोसमधला आकडा ताडून पाहायला हरकत नाही, पण बायोसमध्ये वीज वाचवण्याची सोय बहुधा चालू नसते, म्हणून तिथे तो थोडा जास्तच दिसतो.

डिस्कचं काम सोपं आहे. एनव्हीएमई डिस्क लिनक्स ५.५ पासून, म्हणजे २०२० पासून, याच यादीत येतात. साध्या साटा डिस्कसाठी ५.६ पासून ‘ड्राइव्हटेम्प’ मोड्यूल आहे. ते हाताने सुरू करावं लागतं.

राहिला खोलीचा उकाडा. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत ६५ दाखवणारा प्रोसेसर मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८३ च्या घरात जाणार, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. बिघाड ओळखायचा तो खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानांतल्या फरकावरून. ४३ चा फरक ५५ झाला, तर कूलरच्या पात्यांतली धूळ काढा, तरीही उतरला नाही तर थर्मल पेस्ट बदला. या आठवड्यात खोलीचं तापमान, निवांत असतानाचा आकडा आणि कामातला आकडा वहीत टिपून ठेवा. पुढच्या भागात पंख्यांचा वेग ठरवताना तिन्ही लागतील.