पेनड्राइव्ह जव्हारला जाण्यापूर्वी



जव्हार-मोखाड्याच्या कामाची बरीच कागदपत्रे आता आपल्यापैकी काहींच्या घरच्या संगणकावर तयार होतात. मुलांच्या याद्या, शिष्यवृत्तीसाठी लागणारे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक, भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांचे मोबाइल नंबर, देणगीदारांचे पत्ते. पाड्यांवर नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून हे सारे पेनड्राइव्हवर वर जाते आणि तिकडच्या फायली त्याच पेनड्राइव्हवर खाली येतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका खेपेनंतर पेनड्राइव्ह उघडला, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट. त्यातल्या एकावर मी क्लिक केले आणि तिथेच चुकलो. व्हायरस त्या क्लिकचीच वाट पाहत असतो. एका दुकानात ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणाले. मी नको म्हटले, हे बरे झाले. खरे फोल्डर पुसलेले नव्हते, फक्त लपवलेले होते.

मग घरीच तपासणी करून पाहिली. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस आधीपासूनच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. त्याची झटपट तपासणी व्हायरस सहसा जिथे दबा धरतात तेवढ्याच जागा बघते. पूर्ण तपासणी प्रत्येक फाइल उघडून बघते. माझ्या जुन्या संगणकाला त्यात अख्खी दुपार गेली. तिसरी ऑफलाइन तपासणी. तीत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज जागे होण्याआधीच शोध घेतला जातो, कारण काही व्हायरस चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवतात.

अँटिव्हायरसकडे ओळखलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी असते, शिवाय एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागतो का यावरही तो नजर ठेवतो. यादी शिळी असेल तर ‘काही सापडले नाही’ या हिरव्या खुणेला फारसा अर्थ नाही. म्हणून आधी अपडेट, मग तपासणी. जिथे इंटरनेट नाही तिथे अपडेटची फाइल पेनड्राइव्हवरूनही नेता येते.

अँटिव्हायरस खरेच जागा आहे का, हे पाहण्याचीही सोय आहे. आयकार या युरोपीय संस्थेने ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल ठरवून दिली आहे. ती उतरवताच आरडाओरडा झाला पाहिजे. माझ्याकडे पहिल्यांदा काहीच झाले नाही. पाहिले तर संरक्षणच बंद होते, कधीपासून देव जाणे.

या क्षेत्रात आपल्या माणसांचेही नाव आहे. रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे पुण्यात त्यांच्याकडे दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने ग्रासलेले असत. संगणक शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून १९९५च्या सुमारास क्विक हील आले. तेव्हा रोग फ्लॉपीतून पसरे, आज पेनड्राइव्हमधून. असा विकतचा अँटिव्हायरस घेतलात तर एकच घ्यावा. दोन एकत्र ठेवले तर एकमेकांच्याच पायात पाय घालतात.

जुना संगणक दान करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. देण्याआधी विंडोज ११ चालते का, ते पाहावे. आणि पडद्यावर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे झळकले तर फोन करू नये, ती फसवणूक असते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावे.

पुढच्या खेपेला पेनड्राइव्ह देताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा त्यावर उजवे क्लिक करून तपासणी करावी. मुलांची यादी पासवर्ड घातलेल्या फाइलमध्येच ठेवावी. तो पासवर्ड कागदावर लिहून पेनड्राइव्हलाच चिकटवू नये. हे मी स्वतः केलेले आहे.