एक गुंठा, चौदा नावं

कोल्हापूरहून रत्नागिरीच्या रस्त्याला लागलं की आंबा घाटाच्या अलीकडं मलकापूर लागतं. विशाळगड जहागिरीचं हे जुनं ठाणं. आज इथं नगरपरिषद आहे, म्हणजे कायद्यानं हे शहर; पण कुठल्याही गल्लीतून थोडं चालत गेलं की भाताचं खाचर पायाला लागतं. ‘शहरातली सामूहिक शेती’ म्हटलं की लोकांना न्यूयॉर्क आठवतं, हवाना आठवतं. आपल्याकडचे या विषयातले धागे मात्र फार जवळ निघतात. भुकेल्या माणसाच्या ताटात ताजी भाजी पोचवायची असेल तर बियाणं, माती, पाणी या गोष्टी तुलनेनं सोप्या आहेत. अवघड असते ती माणसांची जुळणी, आणि त्या कामात आपला भाग मुळीच नवखा नाही.

गोदीच्या गच्चीवर कोल्हापूर

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कामगारांचं जेवण रांधलं जायचं. साहजिकच भाज्यांची सालं, देठं, उरलंसुरलं अन्न यांचा ढीगही तेवढाच मोठा. २००२ मध्ये तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी हा ओला कचरा गच्चीवर नेला आणि त्यावर बाग उभी केली. काम केलं स्वयंपाकघरातल्याच कर्मचाऱ्यांनी, नेहमीची पाळी सांभाळून. पुढं २००९ मध्ये त्यातूनच ‘अर्बन लीव्हज’ हा उपक्रम सुरू झाला आणि हौशी मुंबईकर सुट्टीच्या दिवशी हात मातीत घालायला येऊ लागले.

गोदीतल्या गच्चीवर वापरलेल्या शेतीपद्धतीचं मूळ गाव कोल्हापूर. ती मांडणारे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि कोल्हापुरात राहून ‘प्रयोग परिवार’ उभा केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे ते थोरले बंधू. शेतीची पदवी त्यांच्याकडं नव्हती, पण पानाकडं ते हिशेबनिसाच्या नजरेनं बघत. त्यांचं गणित असं: एक चौरस फूट हिरवं पान दिवसभराच्या उन्हातून साधारण तीन ग्रॅम कोरडं वजन तयार करतं. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. एकूण १,०८९ चौरस फूट. अख्खा गुंठा पानांनी झाकला गेला तर मूळ, काडी, पाला, फळ सगळं मिळून दिवसाला तीन किलोहून अधिक कोरडा माल! हा हिशेब सगळं उत्तम जुळलं तरचा आहे. तरीही मोकळा पडलेला गुंठा रोज किती ऊन वाया घालवतो हे त्यावरून कळतं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत चांगलं जगू शकतं, असं ते हिशेब मांडून सांगत.

चिपाडाला सोन्याचा भाव

या पद्धतीतलं ‘अमृतजल’ करून बघण्यासारखं आहे. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी. पिंपात घालून काठीनं ढवळायचं, आधी एका दिशेनं, मग उलट्या. दिवसातून दोन-तीन वेळा, असं तीन दिवस. पहिल्या दिवशी शेणाचे गोळे काठीला अडतात. मग हळूहळू मिश्रण सैल होतं, वर फेस धरतो, आंबूस वास सुटतो. चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून झाडांना द्यायचं. मलकापुरात यातलं काहीही विकत आणायला दुकान शोधावं लागत नाही.

मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत उसाची चिपाडं भरपूर वापरली. पिंपात किंवा पिशवीत खाली चिपाडं भरायची आणि वर मातीचा थर द्यायचा. ओझं हलकं राहतं, ओल टिकते आणि स्लॅबवर फार भार येत नाही. मुंबईकरांना त्यासाठी रसवंतीवाल्यांना गाठावं लागतं. आपल्या जिल्ह्यात तर रस्त्याच्या प्रत्येक वळणावर रसवंती आहे!

मुकादमाशिवायचं काम

दाभोलकरांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम मातीतलं नाही, माणसांतलं आहे. प्रयोग परिवारात साहेब नव्हता आणि मुकादमही नव्हता. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी आपापल्या बागेत प्रयोग करायचा, निरीक्षणं लिहायची, एकमेकांना पत्रं पाठवायची, एकमेकांच्या बागा बघायच्या. ज्याला जे साधलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं. अशा गटात माणूस टिकतो, कारण तो हमालीला आलेला नसतो, शिकायला आलेला असतो. सामूहिक शेती चालवणाऱ्या प्रत्येकानं हे भिंतीवर लिहून ठेवावं. तण काढायला बोलावलेला माणूस दोनदा येतो. ‘तुझा हा वाफा, तूच ठरव काय लावायचं’ असं सांगितलेला माणूस वर्षभर येतो.

त्याच्याही आधीचा धडा आपल्या शाहूवाडी तालुक्यातल्या खाचरात आहे. आषाढात भाताची रोपलावण सुरू झाली की पैरा निघतो. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. पाऊस कोसळत असतो, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, पाय पोटरीपर्यंत चिखलात. एका ओळीत वाकलेल्या बायका मागं सरकत रोपं टोचत जातात आणि कोण मागं पडलं हे न सांगता कळतं, कारण ओळ वाकडी होते. जेवण ज्याचं शेत त्याच्याकडं. कोण कुणाकडं किती दिवस आलं हे कागदावर नसतं, पण कुणीही विसरत नाही. देणंघेणं श्रमाचं, पैशाचा व्यवहार नाही. स्वयंसेवकांच्या नियोजनावर जगात जाड पुस्तकं निघाली आहेत. त्यातलं अर्धं पैऱ्यात आहे.

रविवारी गर्दी, बुधवारी तहान

अशा शेतीचं खरं दुखणं एकच. रविवारी सकाळी चाळीस जण येतात, फोटो निघतात. मेथीला मात्र बुधवारीही पाणी लागतं.

म्हणून हिशेब आठवड्याचा धरायचा. सात दिवस, रोज दोन माणसं, म्हणजे चौदा नावं. शिवाय चार राखीव, कारण कुणाचं लग्न निघणार, कुणाची म्हैस व्यायची असणार. दोघंच का? एकट्याला कंटाळा येतो, आणि तिघं असली की प्रत्येकाला वाटतं बाकीचे दोघं जातील. फोन करायचं काम एकाच माणसाकडं ठेवावं. तो गावात सगळ्यांना ओळखणारा असावा, शेतीत हुशार नसला तरी चालेल. पालेभाजी पहाटे काढायची, म्हणजे उन्हानं कोमेजत नाही. जिथं रांधणार तिथं ती सकाळीच पोचवायची. ज्यांना वाकवत नाही अशा आजी-आजोबांना भाजी निवडायला आणि जुड्या बांधायला बसवायचं. त्या कामात त्यांचा हात कुणीही धरू शकत नाही.

आणखी एक युक्ती: सगळी मेथी एकाच दिवशी पेरायची नाही. पट्टे पाडून दर आठवड्याला एक पट्टा पेरला की महिन्याभरानं दर आठवड्याला एक पट्टा काढायला येतो. मेथी, लाल माठ साधारण पंचवीस-तीस दिवसांत तयार, पालक त्यापेक्षा थोडा उशिरा, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. काढणीची तारीख आधीच ठाऊक असली की माणसंही आधीच सांगता येतात.

खराटा, जलमित्र आणि २४० तास

माणसं कशी जोडावीत हे गाडगेबाबांकडून शिकावं. ते गावात आले की कीर्तनाच्या आधी खराटा हातात घेऊन झाडायला लागत. आधी स्वतः झाडायचं, मग बोलायचं. बघणारे आपोआप सामील होत. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा मिळतो. मुंबईतल्याच ‘ग्रीन सोल्स’ या स्वयंसेवकांच्या गटानं कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी भाजी पिकवण्याचं काम हाती घेतलं.

राबणारे हात कॉलेजातही मिळतात. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. विद्यार्थ्यानं दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांच्या शिबिराला जायचं. दहा विद्यार्थी म्हणजे २,४०० तास! एका गुंठ्याला हे उदंड झाले.

पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. पुढं १ मे रोजी शहरांतले हजारो ‘जलमित्र’ नाव नोंदवून गावोगाव श्रमदानाला जाऊ लागले. शहरी माणूस मदतीला येतो, फक्त त्याला तारीख, जागा आणि काम नेमकं सांगावं लागतं.

आणि आपलं कोल्हापूर? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तालमी आणि तरुण मंडळांनी माणसं बाहेर काढली, घराघरांतून भाकऱ्यांची चवड निघाली. जोतिबाच्या चैत्र यात्रेत अन्नछत्रांवर राबणारे हात दरवर्षी दिसतात. त्याहून मागं जा: १८९६-९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली आणि दुष्काळी कामावर येणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी सांभाळघरं काढली. लेकराची सोय झाली तर आई कामावर येणार, हे महाराजांनी ओळखलं होतं. आजही ज्या सामूहिक शेतीत मुलांना खेळायला सावलीतला कोपरा असतो, तिथं बायका टिकतात.

जगाच्या पाठीवर, पटकन

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गावात २००८ पासून लोकांनी रस्त्याकडेला, स्टेशनजवळ, अगदी पोलीस ठाण्याच्या दारात भाज्या लावल्या. कुणीही तोडा, कुणीही खा.

अलास्कातल्या अँकरेज शहरात जेफ लोवेनफेल्स या बागकामावर लिहिणाऱ्या स्तंभलेखकानं वाचकांना विनंती केली: बागेत एक ओळ जास्त लावा आणि ती भुकेल्यांना द्या. १९९५ मध्ये त्याची देशव्यापी मोहीम झाली. एका ओळीची मागणी कुणालाच जड वाटत नाही, हे तिचं बळ.

अमेरिकेतली पहिली फूड बँक १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल या स्वयंसेवकानं काढली. दुसऱ्या महायुद्धात त्याच देशात सुमारे दोन कोटी घरगुती भाजीबागा होत्या.

मलकापूरचं पंचांग

आता आपल्याकडं. जून-जुलैत सगळा तालुका लावणीत गुंतलेला आणि पाऊस असा की पालेभाजी कुजून जाते. तेव्हा सामूहिक शेतीचा हट्ट धरूच नये. त्या दिवसांत रानच वाढतं: टाकळा, कुर्डू, भारंगी. ज्यांना रानभाजी ओळखता येते अशा बायकांसोबत एक फेरी मारली तरी ताटं भरतात. मग गणपती, मग भातकापणी. भात निघालं की नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हात मोकळे होतात, थंडी पडते, आणि मेथी, पालक, मुळा यांनाही नेमकी हीच हवा मानवते.

याच महिन्यांत ऊसतोड मजुरांच्या खोप्या जिल्ह्यात पडलेल्या असतात. फडात पहाटेपासून राबणाऱ्या त्या घरांना ना परसबाग, ना बाजाराला जायला वेळ. गावात मुलं मुंबईला गेलेली एकटी म्हातारी माणसं आहेत. दवाखान्याबाहेर बसलेले रुग्णांचे नातेवाईक आहेत. भाजी कुणाला द्यायची हा प्रश्न इथं पडूच शकत नाही.

आणि ‘आपल्याकडं कोण उपाशी आहे?’ असं विचारणाऱ्यांसाठी दोन आकडे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी आहे, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोह कमी पडून किंवा अन्य कारणानं पंडुरोग आहे. पोट भातानं भरतं, पण अंगाला लागायला हिरवं लागतं. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, आणि त्यात बटाटा धरत नाही.

तेव्हा नगरपरिषदेच्या सदस्यांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि तरुण मंडळांच्या अध्यक्षांना एक विनंती. यंदा भातकापणी उरकली की एक मोकळा गुंठा द्या, पाण्याचा एक नळ द्या. नावं गोळा करायची जबाबदारी गावातल्या एका माणसावर सोपवा. चौदा नावं आणि चार राखीव, एवढीच यादी लागते. शेवग्याची एक फांदी बांधाला रोवून सुरुवात करा आणि पहिली मेथीची जुडी ऊसतोडीच्या खोपीवर पोचवा.