बॉनेटखालची सोयरीक

होंडा सिव्हिकची पाचवी पिढी १९९१ साली आली. शौकिनांमध्ये ती तिच्या चेसिस-कोडनं, म्हणजे ईजी या नावानं ओळखली जाते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या हॅचबॅकचं सगळ्यात साधं मॉडेल सीएक्स. इंजिन दीड लिटरचं, ताकद ७० हॉर्सपॉवर आणि वजन हजार किलोच्या आत. कॉलेजच्या पोरांना परवडावी, पेट्रोल बेतानं प्यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. आज तिकडच्या शौकिनांच्या मेळाव्यात अशाच एखाद्या ईजीचं बॉनेट उचललं, तर आत मूळच्या जवळपास तिप्पट ताकदीचं दोन किंवा २.४ लिटरचं इंजिन दिसतं. तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी धाकटं. या उद्योगाला के-स्वॉप म्हणतात.

सगळं सोडून हीच गाडी का, याचं उत्तर चाकांपाशी आहे. १९८८ ते २००० या काळातल्या सिव्हिकला पुढं-मागं डबल विशबोन सस्पेन्शन होतं. एवढ्या स्वस्त गाडीला ही चैनच. वळणावर टायर रस्ता सोडत नाही, बॉनेटही बुटकं ठेवता येतं. २००१च्या सिव्हिकला होंडानं पुढं साधे स्ट्रट दिले आणि जाणकारांचं प्रेम जुन्या गाडीवरच राहिलं. अंग उत्तम, फक्त दम कमी, अशी ही गाडी. शिवाय इंटेग्रा या तिच्या थोरल्या बहिणीचे कितीतरी सुटे भाग तिला सरळ बसतात.

म्हणून पहिली लाट इंटेग्राच्या बी इंजिनांची आली. १९८९च्या बी१६ए इंजिनात होंडानं व्हीटेक दिलं. एकाच कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे कॅम, संथ चालीसाठी एक आणि वरच्या आरपीएमसाठी दुसरा. १.६ लिटरमधून १६० पीएस, तेही टर्बोशिवाय. ही इंजिनं जपानहून कंटेनर भरभरून अमेरिकेत येत. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. तिला शाकेन म्हणतात. तिचा खर्च एवढा की कमी चाललेली, धडधाकट गाडीही लोक लवकर मोडीत काढतात. मधोमध कापलेला गाडीचा पुढचा अर्धा भाग, ज्याला आपल्या भंगार बाजारातही हाफ-कटच म्हणतात, इंजिन-गिअरबॉक्स-वायरिंगसकट बंदरात उतरे. बी इंजिन ईजीत बसवणं हाताला वळण असलेल्या मेकॅनिकला जड नव्हतं. मागणी मात्र इतकी की अमेरिकेतल्या चोरीच्या गाड्यांच्या याद्यांमध्ये सिव्हिक वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकांवर राहिली.

२००१ साली के मालिका आली आणि सोयरीक अवघड झाली. जपानी इंटेग्रा टाइप-आरमधलं के२०ए म्हणजे १९९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, ताकद २२० पीएस. टायमिंग बेल्टच्या जागी चेन. व्हीटेकच्या जोडीला इनटेक कॅमचा कोन चालत्या गाडीत पुढं-मागं करणारी यंत्रणा, त्यामुळे खालच्या आरपीएमलाही ओढ चांगली. असं स्थळ कोण सोडेल? अडचण एकच, पण मुळातली. होंडाची जुनी डी (ईजीचं मूळ इंजिन याच मालिकेतलं) आणि बी इंजिनं बाकी बहुतेक जगाच्या उलट दिशेनं फिरायची. के मालिकेत कंपनीनं ही परंपरा सोडली. इंजिनाचं फिरणं बदललं, तशी मांडणीही फिरली. उजवीकडचा गिअरबॉक्स डावीकडे आला, पुढच्या बाजूला असलेला एक्झॉस्ट मागं केबिनच्या भिंतीकडे गेला आणि मागचा इनटेक पुढं आला. म्हणजे ईजीच्या बॉनेटखाली जे जे डावीकडे होतं ते उजवीकडे हवं, आणि उजवीकडचं डावीकडे.

खरं कसब इथं लागतं. जुनी माउंटिंग निरुपयोगी, कारण इंजिनाचे कान आता भलत्याच जागी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंग रॅक आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून खाली न्यावा लागतो. ईजीचा गिअर लोखंडी दांड्यानं हलतो, केचा केबलनं. म्हणून शिफ्टर बदला आणि केबलला वाट करून देण्यासाठी गाडीच्या तळाला भोक पाडा. गिअरबॉक्सनं बाजू बदलली म्हणजे ड्राइव्ह शाफ्टची लांबी बदलली, तेव्हा एक टोक नव्या गाडीचं आणि दुसरं जुन्या हबला जुळणारं, असे खास शाफ्ट हवेत. पूर्ण रुंदीचा रेडिएटर इनटेकच्या आड येतो, तिथं अर्ध्या आकाराचा बसवतात. पॉवर स्टिअरिंग बहुतेक जण काढूनच टाकतात आणि एसी ठेवायचा तर कॉम्प्रेसरसाठी वेगळी जुळवाजुळव. फिनिक्सच्या उन्हाळ्यात एसीवर पाणी सोडून वेगाचं सुख घेणाऱ्यांच्या निष्ठेला काय म्हणावं!

लोखंडाचं काम आटोपलं की विजेचं सुरू होतं, आणि माझ्या मते हाडाचा कारागीर इथंच कळतो. के इंजिनाच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, इमोबिलायझर असतो. मूळ गाडीची किल्ली ओळखल्याशिवाय तो इंजिन सुरूच करू देत नाही. हॉन्डाटा या कंपनीच्या के-प्रो बोर्डानं हा पहारेकरी हटवता येतो आणि इंधन, इग्निशन, कॅमचा कोन हे सगळं लॅपटॉपवर जुळवता येतं. त्यातही होंडाच्याच २००४च्या अ‍ॅक्युरा टीएसएक्सचं इंजिन आणलं तर त्याचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, आणि ईजीचा अ‍ॅक्सिलरेटर तारेवर चालणारा. मग थ्रॉटल बॉडीच बदलायची.

सुरुवातीला हे सगळं वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडरवर चालायचं. नंतर हासपोर्टसारख्या कंपन्यांनी अ‍ॅल्युमिनियमची तयार माउंटिंग आणली. गाडीला काप न देता, मूळच्याच भोकांवर बोल्टनं कसायची. आतलं पॉलियुरेथेन किती कडक हवं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. कडक घेतलं तर इंजिन जागचं हलत नाही, पण सिग्नलला उभं असताना आरसा थरथरतो. पुढं वायरिंग, शाफ्ट, मॅनिफोल्ड, सगळ्याचीच किट मिळू लागली. जुने मिस्त्री कुरकुरतात की आता स्वॉप म्हणजे नुसती खरेदी. मला हे रडगाणं पटत नाही. स्टिअरिंग रॅकच्या शेजारी कुणाचंही हौशी वेल्डिंग असण्यापेक्षा कारखान्यात मोजून केलेला ब्रॅकेट कधीही बरा.

कल्पकतेला वाव उरलेलाच आहे. के२४ इंजिनाचा स्ट्रोक ९९ मिलिमीटर, क्षमता २३५४ सीसी. अमेरिकेत सीआर-व्हीमधून ते ढिगानं मिळतं आणि स्वस्त पडतं, पण त्याचं हेड इंधनबचतीसाठी बनवलेलं, ताकद १६० हॉर्सपॉवर. मग के२४चा ब्लॉक आणि त्यावर के२०चं चपळ हेड, अशी जोडणी करतात. तिला फ्रँकेनस्टाइन म्हणतात. ब्लॉक जवळपास दोन सेंटिमीटरनं उंच, त्यामुळे बुटक्या बॉनेटशी झटापट आलीच. एवढी ताकद ७० हॉर्सपॉवरच्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक थांबवू शकत नाहीत. इंटेग्राचे मोठे डिस्क इथं कामाला येतात. ब्रेकचे पैसे वाचवून इंजिनावर घालणारे सगळीकडे असतात. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसू नये.

इंजिन बदलण्याबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा शहाणा वाटतो. इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याची मूळची सगळी प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा सोबत हवी. सरकारी रेफरी ती तपासून मान्यता देतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मूळ बनावटीत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९मध्ये बजावलं. के इंजिन भारतात अकॉर्ड आणि सीआर-व्हीतून आलं, आणि जुन्या होंडा सिटीचे चाहते पुण्या-मुंबईतही कमी नाहीत. पण आरसी बुकवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर आरटीओच्या दारात गाडी अडते. रेसिंग ट्रॅकच्या आत मात्र आरसी कुणी विचारत नाही.

गंमत म्हणजे हीच करामत कंपन्यांनी केली की तिला नवं मॉडेल म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानं १९८५ साली फियाट १२४च्या जुन्या सांगाड्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवून ११८ एनई विकली. हिंदुस्तान मोटर्सनं काँटेसाला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन दिलं, तेव्हा कुठं त्या भारदस्त गाडीच्या अंगात जीव आला.

होंडालाही स्वॉपचा हा बाजार नजरेआड करता आला नाही. २०१७च्या सिव्हिक टाइप-आरमधलं के२०सी१ हे टर्बो इंजिन, ज्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, कंपनीच्या अमेरिकेतल्या रेसिंग विभागानं खोक्यात घालून सुटं विकायला काढलं. अट एवढीच की ते ट्रॅकवर वापरायचं, रस्त्यावर नाही.